एक खुर्ची की दोन? कामगार न्यायालय आणि नवं न्यायाधिकरण

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचे भरणाऱ्या माणसाला नोकरीवरून काढलं, तर त्याचा खटला कोणी ऐकावा?

जुनी वाट १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची. कामगार न्यायालयात एकच न्यायाधीश, तोही बहुधा न्यायिक अनुभवाचा. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस उलटले की कामगार थेट तिथं जाऊ शकत होता. ही सोय २०१० च्या दुरुस्तीनं आली.

नवी वाट २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेची. तिच्यात वेगळं कामगार न्यायालयच नाही, फक्त न्यायाधिकरण: एक न्यायिक सदस्य, एक प्रशासकीय. बाकीचे वाद एकटा सदस्य ऐकेल, पण बडतर्फी, नोकरकपात, टाळेबंदीसारखी प्रकरणं दोघांच्या पीठापुढं.

कागदावर हे बरं दिसतं. सरकारी कारभार कळणारा माणूस बाजूला असेल तर बिघडलं कुठं? माझी अडचण वेगळीच आहे. एक खुर्ची रिकामी राहिली की काय होतं, हे आपण जाणतो. शिपाई दाराशी सांगतो, "साहेब नाहीत, तारीख घ्या." प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल तशीच घरी. आता खुर्च्या दोन, नेमणुकाही दोन, आणि अडणार नेमकी बडतर्फीचीच प्रकरणं.

बेळगाव-खानापूरच्या मराठी कामगाराला आणखी एक फेरा आहेच: नोटीस कन्नडमध्ये, ती वाचून घ्यायला शेजारचा पोरगा. त्यात दोन्ही वाटा सारख्याच. मला विचाराल तर एकच न्यायाधीश द्या, पण पहिला निवृत्त होण्याआधी दुसरा नेमा.