मिनी ओटीडीआर घ्यावी का? उसाचा एक सीझन वापरून झाल्यावर

आमच्याकडे कराडच्या पुढं वाड्या-वस्त्यांना इंटरनेट द्यायचं म्हणजे बरीचशी केबल पोलवरून, आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या कुठं ना कुठं ती ओढणारच. आधी तुटलेलं शोधायला फायबरमध्ये लाल लाईट सोडणारा पेन घेऊन एकेक जॉइंट बॉक्स उघडत बसायचो, अर्धा दिवस त्यातच जायचा. म्हणून दिवाळीआधी हातात मावणारी चायना ओटीडीआर मशीन घेतली, केबलमधल्या काचेच्या फायबरात लाईट सोडून तो किती अंतरावर तुटलाय ते ग्राफवर दाखवते.

तुटलेलं सापडतं का, तर सापडतं, पण ती काचेचं अंतर सांगते, रस्त्याचं नाही! केबलच्या आत फायबर जरा सैल असतो, वर पोलापोलावर जादा केबलचे लूप सोडलेले. मध्ये एका वस्तीतल्या सगळ्या राउटरचे लाईट लाल, म्हणजे लाईन बंद, मशीन म्हणते ३.४ किलोमीटर, तिथं केबल एकदम ठणठणीत. लूपांची वजाबाकी केली आणि दोनशेएक मीटर मागं आलो, तिथं क्लॅम्पपाशी सापडलं. जॅकेट शाबूत, पण चाचपलं तर एके जागी दबलेलं, आत सगळे फायबर गेलेले. ग्राफवरही शेवटी स्पाइक नव्हता, रेष नुसती खाली कोसळलेली. ताणून-चिरडून तुटलं की बहुतेक असंच दिसतं, टोक साफ तुटलं असेल तर ते लाईट परत फेकतं आणि मग स्पाइक येतो. त्यामुळं कुठल्या पोलवर किती लूप ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर मशीन असून फिरत बसाल.

सेटिंगमध्ये इंडेक्स बघाच, म्हणजे काचेत लाईट किती हळू चालतो त्याचा आकडा, त्यावरून मशीन अंतर काढते. १.४६८ च्या जागी १.४६० राहिला तर १० किलोमीटरला पन्नासेक मीटर जास्त दाखवते. पल्स, म्हणजे मशीन सोडते तो लाईटचा झटका, मोठा ठेवला तर जवळजवळचे दोन जॉइंट एकच दिसतात, आणि सुरुवातीचे काही मीटर आंधळेच, त्याला लॉन्च केबल, म्हणजे मशीन आणि लाईनच्या मधे जादा फायबरची गुंडाळी, लावावी लागते, ती बॉक्समध्ये येत नाही (द्यायला काय जातं यांचं!). १३१० नॅनोमीटरच्या लाईटला (वेव्हलेंथ) ठीक आणि १५५० ला लॉस, म्हणजे लाईटची गळती, जास्त दिसला तर केबल कुठंतरी वाकलीय असं समजायचं.

वैताग म्हणजे उन्हात स्क्रीन दिसत नाही. माझ्या मशीनचा पोर्ट निळा, सरळ टोकाचा, घरोघरी कनेक्टर हिरवे, तिरक्या टोकाचे, पोरं तसाच खुपसतात आणि पोर्टची वाट लागते, म्हणून मधे एक बारकी जोडवायर (पॅचकॉर्ड) कायमची लावून ठेवलीय.

चालू लाईनवर मात्र ही १३१०-१५५० वाली लावू नका, बाकी ग्राहक पण लटकतील. त्याला चालू लाईनचा लाईट अडवणारी, फिल्टरवाली १६२५ किंवा १६५० ची लागते, पैसे जास्त जातात, पण स्प्लिटरच्या (एका फायबरचे अनेक घरांना फाटे करणारा डबा) खालचं एकच घर बंद असेल तर तीच कामाची.