आमच्या खाडीकाठच्या हायस्कुलाविषयी एका पालकाचा अभिप्राय

गुहागर तालुक्यातील एका लहान अनुदानित हायस्कुलात माझी मुलगी आठवी ते दहावी शिकली. मुलांना येथे घालावे की तालुक्याच्या मोठ्या शाळेत, असे विचारणाऱ्या पालकांसाठी हे लिहीत आहे.

कोकण विभागीय मंडळ 2012 पासून दहावीच्या निकालात राज्यात सतत पहिले आहे. 2025 मध्ये राज्याचा निकाल 94.10 टक्के असताना कोकणाचा 98.82 टक्के लागला. अशा विभागात ‘शंभर टक्के निकाल’ हा फलक पाहून शाळेची पारख होत नाही, कारण वीस मुलांच्या वर्गात एक जण नापास झाला तर निकाल 95 वर येतो आणि पाच जण 35 गुणांवर काठावर सुटले तरी तो शंभरच राहतो. म्हणून मी मुख्याध्यापकांकडे विषयवार गुण मागितले, आणि त्यांनी ते मोकळेपणाने दाखवले. मराठी आणि सामाजिक शास्त्रांचे गुण उत्तम होते, गणित आणि इंग्रजीचे चिंताजनक. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतो; त्यामुळे गणितातला कच्चेपणा दहावीत झाकला जातो आणि अकरावी विज्ञानाला उघडा पडतो.

याचे मूळ पटसंख्येत आहे. कुटुंबे मुंबईला गेली की पट घटतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, पद कमी होते आणि शिक्षक अतिरिक्त ठरून अन्यत्र समायोजित होतात. मुलगी नववीत असताना गणिताचे सर असेच गेले आणि दिवाळीपर्यंत विज्ञानाच्या बाईंनीच दोन्ही विषय ओढले. बाईंनी जिवापाड मेहनत घेतली; परंतु संस्थेने पालकांना तीन महिने काहीच कळवले नाही, हे मला आजही खटकते.

याच बाई लावणीच्या दिवसांत गैरहजर मुलांच्या घरी जात आणि बांधावर उभ्या राहून आईवडिलांशी बोलत. आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारीही त्या शाळा भरण्यापूर्वी करून घेत. या परीक्षेत निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, आणि आमच्याकडच्या घरांत ही रक्कम मोठी असते. जादा तास मात्र संध्याकाळी होऊ शकत नाहीत. मुलींना एसटीचा पास मोफत असला तरी शाळा सुटल्यावर वाडीकडे जाणारी गाडी एकच आहे.

धाकट्या मुलाचे नाव मी याच शाळेत घातले आहे, पण गणिताचे पद भरल्याची खात्री करून घेतल्यानंतरच.