‘यूएलए गेली’ सांगून सात हजारांचा गंडा

जुन्या घरगुती संगणकाच्या दुरुस्तीच्या नावाखाली सोलापुरात माझी 7,000 रुपयांची फसवणूक झाली. यूएलए, म्हणजे टीव्हीवर चित्र काढणाऱ्या चिपचे 4,500, ‘कस्टम’चे (आयात शुल्काचे) 700 आणि मजुरीचे 1,800, असा तो हिशेब, पावती एकाचीही नाही.

यंत्र म्हणजे वडिलांचा 48के झेडएक्स स्पेक्ट्रम, सिंक्लेअर कंपनीचा टीव्हीला जोडून चालणारा संगणक. सुरू केल्यावर सिंक्लेअरची 1982 सालची कॉपीराइटची ओळ उमटण्याऐवजी टीव्हीवर उभे पट्टे येत. नवी पेठेमागच्या गल्लीत दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या गृहस्थाने झाकणाला हातही न लावता ‘यूएलए गेली, बाहेरून मागवावी लागेल’ असे निदान करून टाकले. त्या क्षणी पडद्यावर काय दिसत होते ते आठवले की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. मधल्या चौकोनात पट्टे होते, पण भोवतीची पांढरी चौकट अगदी स्वच्छ आणि स्थिर होती. ती चौकट यूएलए स्वतःच काढते, मधले चित्र मात्र ती खालच्या 16 केबी मेमरीतून वाचते; तेव्हा चौकट नीट आणि मध्ये गोंधळ असेल, तर संशय आधी मेमरीवर आणि तिच्या वीजपुरवठ्यावर जायला हवा. मेलेली म्हणून सांगितलेली चिप आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर काम करत होती! मी अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो, मला हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्याचा तर तो धंदाच होता.

यंत्र परत आले ते पट्ट्यांसकट. धूळ झटकण्यासाठी पूर्वी घरी उघडले होते तेव्हाच्या फोटोशी मी आतला भाग ताडून पाहिला. तीच फेरांटी कंपनीची यूएलए चिप, तिच्या कोपऱ्यावर तोच पांढरा ठिपका, फक्त पुसून चकचकीत केलेली. ही चिप सॉकेटमध्ये बसते, काढायला डागकामही लागत नाही. म्हणून यंत्र देण्यापूर्वी तिचा जवळून फोटो घ्याच.

पुढे ओळखीच्या एका निवृत्त टीव्ही मेकॅनिकने मल्टिमीटर लावला. या यंत्रातील 4116 मेमरी चिपांना +5, +12 आणि -5 असे तीन व्होल्टेज लागतात, त्यातला -5 गायब होता. टीआर4 हा ट्रान्झिस्टर आणि एक मेमरी चिप बदलली, खर्च 340 रुपये. स्पेक्ट्रमच्या ॲडॉप्टरची मधली पिन ऋण असते, बाजारातल्या बहुतेकांची धन; हाताला येईल तो ॲडॉप्टर खोचू नका.

पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगून मला दुसऱ्या ठाण्यात पाठवले, तिथे हद्दीचा प्रश्न निघाला आणि पुन्हा पहिल्याच दारी धाडण्यात आले, जिथे एका साहेबांनी ‘जुन्या खेळण्याला सात हजार कोण देतो?’ असे हसत विचारले. पावती मागितली, ती असती तर मी रडत कशाला आलो असतो? बँकेचे म्हणणे, पैसे तुम्हीच पाठवलेत. फसवणाऱ्याला कोणी साधा फोनही केला नाही, फसलेल्याची मात्र उलटतपासणी!

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची असते. ‘नवी यूएलए बसवली’ हा त्या दुरुस्तीवाल्याचा संदेश, चिपचे आधीचे आणि नंतरचे फोटो आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक अर्जाला जोडले आहेत. असे संदेश रागाच्या भरात पुसू नका.