सर्वेक्षण नसताना गरिबी मोजायची कशी? दोन वाटा

२०११-१२ नंतर भारतात कुटुंबांच्या खर्चाचे पुढचे सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झाले, पण २०१९ मध्ये सरकारने ते प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. पुढची आकडेवारी थेट २०२२-२३ची. मधल्या काळातली गरिबी अभ्यासकांनी दोन वाटांनी अंदाजली.

पहिली वाट सोपी. २०११-१२चा खर्च घ्यायचा आणि राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या सरकारी हिशोबात, खासगी उपभोग जितका वाढला, त्या दराने तो वाढवायचा. भल्ला, भसीन आणि विरमानी या अर्थतज्ज्ञांनी असे केले, शिवाय स्वस्त धान्याचे मोलही धरले. माणशी रोज १.९० डॉलरच्या दारिद्र्यरेषेखाली २०१९ मध्ये किती लोक होते, याचे त्यांचे उत्तर आले सुमारे ०.८ टक्के. पण इथे एका राज्यातल्या शेतमजुराचा आणि फ्लॅटमालकाचा खर्च एकाच दराने वाढला असे गृहीत धरावे लागते. खरी अडचण तीच आहे, कारण गरिबी ठरते ती वाटणीवर.

दुसरी वाट सीएमआयई या आकडेवारी गोळा करणाऱ्या खासगी संस्थेच्या कुटुंब सर्वेक्षणाची. त्यातून गरीब घरे निसटतात, अशी टीका झाली होती. म्हणून जागतिक बँकेच्या सिन्हा रॉय आणि व्हॅन डर वाइड यांनी शिक्षण, घरातल्या वस्तू वगैरे पाहून कुटुंबांना नव्याने भार दिले, म्हणजे एकूण हिशोबात कोणत्या कुटुंबाला किती वजन द्यायचे ते पुन्हा ठरवले. त्याच दारिद्र्यरेषेवर २०१९ साठी उत्तर आले १०.२ टक्के.

या दोहोंतली मी दुसरी वाट धरेन. तिथे भारांवरून वाद घालता येतो, पण निदान कुणीतरी दारात जाऊन विचारलेले असते. ०.८ आणि १०.२ यांमधल्या फरकात कोट्यवधी माणसे आहेत.