चीनची भिंत बघायला निघालात तर देशंगमेनला सावध राहा

बीजिंगमध्ये चिनी शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे, आणि त्याहून जास्त त्यांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी. भाषा येणारं माणूस बरोबर असलं की आपल्याला कोण फसवणार, असं घरच्यांना वाटतं. बीजिंगच्या 'एका दिवसाच्या सहली'वाल्यांना नेमकं असंच कुटुंब हवं असतं. एकाला चिनी समजतं, बाकीचे त्याच्यावर विसंबून असतात, आणि ठगाला दुभाषा फुकटात मिळतो.

2018 च्या शरद ऋतूत मी तिथे भाषेच्या वर्गात होते. सकाळी तास, दुपारी अक्षरं घोटायची आणि शनिवार-रविवार भटकायचं. थ्येनचिनला फास्ट ट्रेनने अर्ध्या तासात पोचता येतं. शानशी प्रांतातल्या दातोंगला रात्रीच्या गाडीने जाऊन युनकांगची बौद्ध लेणी बघून परत येता येतं. शिजियाझुआंगला तर मी मुद्दाम गेले होते, कारण तिथल्या हुतात्मा स्मारकात आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. चिनी लोक त्यांना 'ख दीहुआ' म्हणतात. स्मारकातल्या एका आजोबांनी मी भारतीय आहे हे कळल्यावर मला थेट समाधीपर्यंत नेऊन सोडलं, दोन शब्द बोलले आणि आपल्या वाटेने गेले. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून चिनी माणसांबद्दल कुणाचं मन कलुषित व्हायला नको. आमच्याबरोबर त्या दिवशी फसलेली बहुतेक माणसंही चिनीच होती.

ऑक्टोबरच्या शेवटी नाशिकहून आई आणि मावशी आल्या. शनिवारी भिंत बघायची ठरलं. भिंतीच्या बादालिंग या सगळ्यात प्रसिद्ध भागाला जायचा सरळ मार्ग असा: मेट्रोच्या दोन नंबर लाइनने जिशुईतान स्टेशन, तिथून देशंगमेनच्या जुन्या बुरुजापर्यंत चालत, आणि बुरुजाजवळून 877 नंबरची बस. भाडं तेव्हा 12 युआन होतं, बसच्या कार्डावर त्याहून कमी, आणि बस मध्ये कुठे न थांबता थेट बादालिंगला जाते. मला हे सगळं माहीत होतं. ठगांनाही माहीत असतं, म्हणून ते बुरुजापाशी उभे राहत नाहीत. मेट्रोचं दार आणि बुरूज यांच्या मधल्या रस्त्यावर उभे राहतात.

निळं जॅकेट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. बस कंपनीचाच माणूस वाटावा असा एक जण पुढे आला. म्हणाला, पानं लाल झालीत म्हणून आज फार गर्दी आहे, 877 बंद ठेवली आहे, बादालिंगच्या गाड्या आज त्या बाजूने सुटतायत. पूर्वी बादालिंगला 919 नंबरची बस जायची आणि जुन्या प्रवासपुस्तकांत तोच नंबर छापलेला असतो. त्याने तोही नंबर घेतला, त्यामुळे सांगणं आणखी खरं वाटलं. शेजारून पिशवी घेतलेल्या एका बाईने, "हो, मीही तिकडेच चाललेय," म्हणून दुजोरा दिला. ती त्यांच्यातलीच होती. गाडीत आम्ही बसलो आणि ती परत मेट्रोच्या दाराकडे निघाली, तेव्हा कळलं.

गाडी मात्र चांगली होती. आत हनान, सिचुआनकडून आलेली कुटुंबं, म्हातारी माणसं, लहान मुलं. माणशी 100 युआन, त्यात भिंतीचं तिकीट आलं, असं सांगितलं. बादालिंगचं तिकीट तेव्हा हंगामात 40 युआन होतं, म्हणजे हिशेब जमत होता. पैसे वीचॅट या चिनी अॅपवर कोड स्कॅन करून द्यायचे होते. कोड कंपनीचा नव्हता, एका माणसाच्या खात्याचा होता. इथे थांबा आणि लक्षात ठेवा. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर कुणाचं नाव येतंय ते बघायचं. दुकानाचं किंवा कंपनीचं नाव न येता एखाद्या व्यक्तीचं, अर्धं झाकलेलं नाव आलं, तर पुढे तक्रार करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

गाडीतली गाइड तिशीतली, गोड बोलणारी. आम्ही भारतातल्या म्हटल्यावर तिने आधी आमिर खानचं नाव घेतलं. ते तर तिथे टॅक्सीवालेही घेतात. पण मग ती म्हणाली, "ख दीहुआ! तुमचे डॉक्टर आमच्यासाठी मेले." मी आईला सांगितलं, कोटणीसांबद्दल बोलतेय. आईचे डोळे भरून आले. तिने गाइडचा हात हातात घेतला. त्या क्षणापासून ती बाई आमच्या घरची झाली. कोटणीसांचं नाव असं वापरलं गेलं याचा मला अजूनही संताप आहे, पैसे गेल्यापेक्षा जास्त.

पहिला थांबा जेडच्या दुकानाचा. तिथे एका खोलीत बसवतात, दार लोटून घेतात आणि पीश्यू नावाच्या लक्ष्मी खेचून आणणाऱ्या प्राण्याची गोष्ट सांगतात. मग 'मालकाचा मुलगा' येतो, तुमच्यावर खूश होतो आणि आजच्या दिवसापुरती किंमत पाडतो. आईने एक बांगडी घेतली. त्यावर फार लिहीत नाही. तो दगड होता, आणि दगडाने कुणाच्या जिवाला धोका नसतो.

भिंतीवर आम्हाला एक तासही मिळाला नाही. गाडी मुख्य बादालिंगला गेलीच नाही, अलीकडच्या शुईग्वान नावाच्या भागाला थांबली. भिंत तीच, खरी, पण चढ उभा आणि पायऱ्या उंच, गुडघे दुखणाऱ्या मावशीला न जमणाऱ्या. वर न्यायला घसरगाडी आहे, तिचे पैसे वेगळे. मावशी खालीच बसली आणि गाइड तिच्याजवळ बसून राहिली. खुणांनी, हातवारे करून तिने मावशीचे गुडघे, साखर, झोप, सगळं विचारून घेतलं. मावशीने पर्समधली गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. मी वरून येईपर्यंत पुढच्या थांब्याची तयारी झाली होती.

तो थांबा म्हणजे 'आरोग्य केंद्र'. गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं, फुकट. खोलीच्या भिंतीवर पांढऱ्या कोटातल्या माणसांचे मोठमोठ्या पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. मग पांढऱ्या कोटातलेच एक 'प्रोफेसर' येतात. मावशीच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, जीभ बघितली आणि ते सांगू लागले: गुडघे दुखतात, रात्री उठावं लागतं, साखर आहे, यकृतात उष्णता आहे. मावशी थक्क झाली. न सांगता कसं कळलं? भिंतीखाली बसलेल्या गाइडने कळवलं होतं, दुसरं काय!

आणि हे सगळं मावशीला मी सांगत होते. तो चिनीत बोलायचा, मी मराठीत. 'रक्त घट्ट झालंय', 'मूत्रपिंडं थकलीत', 'असंच चाललं तर दोन वर्षांत डोळ्यांवर येईल'. वर्गात नुकतेच शिकलेले अवयवांचे शब्द मी एकेक करून जुळवत होते. त्या माणसाच्या तोंडून मावशीने ऐकलं असतं तर तिने कदाचित हसून सोडून दिलं असतं. भाचीच्या तोंडून, आपल्या भाषेत, काळजीच्या आवाजात ऐकलं, म्हणून तिचा चेहरा उतरला. दुभाषी माणूस असलेली कुटुंबं त्यांना का हवी असतात, ते मला त्या खोलीत कळलं. भाषांतर करताना मन शब्द शोधण्यात गुंतलेलं असतं. समोरचा खरं बोलतोय का, हे तपासायला ते मोकळं राहत नाही. म्हणून अशा जागी भाषांतर थांबवा. बरोबरच्या माणसाला आपल्या भाषेत एवढंच सांगा: "हा काहीतरी विकतोय, आपण बाहेर जाऊया."

तीन महिन्यांच्या भुकटीची किंमत 2,800 युआनवरून 1,600 वर आली. तेव्हाच्या दराने सोळा हजार रुपयांच्या वर. पाकिटांवर घटकांची नावं नव्हती, कारखान्याचं नाव नव्हतं, औषध परवान्याचा क्रमांकही नव्हता. शेवटी तो माणूस म्हणाला, पाश्चात्त्य गोळ्या बंद करा, नाहीतर हे औषध लागू पडणार नाही.

या एका वाक्यासाठी मी हा सगळा अनुभव लिहायला बसले. मावशीने मेटफॉर्मिन, म्हणजे तिची रोजची साखरेची गोळी, बंद केली. आम्हाला सांगितलं नाही. नाशिकला परतल्यावर तिला चक्कर, सारखी तहान, आणि तपासली तर साखर साडेतीनशेच्या वर. तिच्या डॉक्टरांनी ती पाकिटं बघितली आणि तिथल्या तिथे टाकून द्यायला लावली. ते म्हणाले, भुकटीत काहीच नसेल तर हे असं होतं, आणि काही असेल तर त्याहून वाईट होऊ शकतं. 2008 मध्ये सिंगापूरला बेकायदा विकल्या गेलेल्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध भरमसाट मिसळलेलं निघालं होतं. साखर एकदम खाली जाऊन शंभरावर लोक रुग्णालयात गेले आणि काही दगावले. चिनी वैद्यकाला मी नावं ठेवत नाही. तिथे त्याची रीतसर रुग्णालयं आहेत, केसपेपर निघतो, औषधाची चिठ्ठी मिळते. सहलीच्या गाडीतून उतरवून कुणी नाडी बघत असेल, तर तिथे फक्त विक्री चालते.

मावशी आता बरी आहे.

तक्रारीचं सांगते, कारण त्यातलं थोडं उपयोगी पडलं. बीजिंगमध्ये 12345 हा नागरी तक्रारींचा फोन आहे, तिथे इंग्रजीतही बोलता येतं. आमच्या वर्गशिक्षिकांनी शेजारी बसून फोन लावून दिला. चीनमध्ये 1 ऑक्टोबर 2013 पासून पर्यटन कायदा लागू आहे. त्याच्या 35 व्या कलमानुसार अवाजवी कमी दरात सहल दाखवून लोकांना गोळा करणं आणि दुकानांतून दलाली खाणं बेकायदा आहे. तसं झालं तर सहल संपल्यापासून 30 दिवसांत माल परत करून पैसे मागता येतात, आणि ते आधी सहल कंपनीने द्यायचे असतात. पण त्यासाठी कंपनी हवी. आमच्याकडे करार नव्हता, गाडीचा नंबर टिपलेला नव्हता. जेडच्या दुकानाचं 'फापियाव', म्हणजे कर क्रमांक असलेलं सरकारी बिल, आईने जपून ठेवलं होतं, म्हणून बांगडी परत घेतली गेली. औषधाचं असं बिल त्यांनी दिलंच नव्हतं. ते पैसे गेले. कुठेही मोठी रक्कम द्यायच्या आधी 'फापियाव द्या' म्हणून बघा. टाळाटाळ झाली तर पाकीट उघडू नका.

हाच खेळ दुसऱ्या वाटांवरही चालतो. भिंतीच्या मुतिएनयू या दुसऱ्या भागाला जायला बीजिंगच्या तोंगचिमेनहून हुआयरोउ या उपनगराची 916 एक्स्प्रेस बस धरतात आणि तिथे छोटी बस बदलतात. मधल्याच थांब्यावर एखादा माणूस चढतो आणि परदेशी चेहरे हेरून "मुतिएनयू, इथेच उतरा" म्हणतो. उतरलात की समोर त्याच्या ओळखीची बिनपरवान्याची गाडी. त्याचं न ऐकता बसून राहा आणि कंडक्टरला विचारा. बीजिंगमधल्या वांगफूचिंग आणि छिएनमेनच्या रस्त्यांवर कॉलेजच्या वाटणाऱ्या मुली इंग्रजीचा सराव करूया म्हणून गप्पा मारतात, तुमच्या चिनीचं तोंड भरून कौतुक करतात आणि चहाच्या दुकानात नेतात. तिथे बोटभर पेल्यांतून चहा चाखवतात आणि बिल हजारांत येतं. माझ्या वर्गातला एक कझाक मुलगा असाच अडकला. दार अडवून उभ्या राहिलेल्या माणसासमोर त्याने पोलिसांचा 110 नंबर फिरवला तेव्हा बिल निम्म्यावर आलं. भाषा शिकणारा माणूस बोलायला कुणी मिळावं म्हणून आसुसलेला असतो आणि त्या मुलींना ते पक्कं ठाऊक असतं. सराव करायचाच असेल तर आपण निवडलेल्या माणसाशी करा: भाजीवालीशी, वसतिगृहाच्या रखवालदार काकांशी, ट्रेनमधल्या शेजाऱ्याशी.

आईवडील येणार असतील तर ते विमानात बसायच्या आधीच दोन गोष्टी बोलून घ्या. पहिली, रोजची औषधं कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाहीत, मी भाषांतर करून सांगितलं तरीही नाहीत. दुसरी, मी 'चला' म्हटलं की कारण न विचारता उठायचं. आणि देशंगमेनला पोचलात की रस्त्यात कुणी काहीही सांगो, बुरुजापर्यंत चालत जा. 877 च्या पाटीखाली रांग दिसेल. बंद असेल तर ते रांगेतले लोकच सांगतील.