फोम रिंगवाल्या गोल कॅप्सूल: जुनी टोकनं ठेवायला घ्याव्यात का?

नाणी ठेवायच्या पारदर्शक गोल कॅप्सूल मिळतात ना, ४६ मिलिमीटरच्या, आत काळ्या फोमच्या वेगवेगळ्या भोकांच्या रिंग घालून, त्यांचा बॉक्स बरेच दिवस वापरतोय. ह्यांचे रिव्ह्यू भरपूर सापडतात, पण सगळे नाणीवाल्यांचे. टोकनवाल्यांची, म्हणजे दुकानांनी, कंपन्यांनी, सरकारांनी पैशाच्या जागी किंवा जाहिरातीला काढलेल्या चकत्या जमवणाऱ्यांची, अडचण वेगळी आहे. नाण्याचा व्यास ठरलेला असतो, धातू माहितीतला असतो. टोकनाचं तसं काही नाही, कोणी पितळेचं पाडलं, कोणी जस्ताचं, कोणी पुठ्ठ्याचं, आकार म्हणाल तर चौकोनी, घोड्याच्या नालेसारखा, मध्ये भोक पाडलेला, काय वाटेल तो.

आधी सांगतो, धातूच्या टोकनांसाठी मला ह्या कॅप्सूल मनापासून आवडल्या. माझ्याकडे एक स्पिनर टोकन आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ह्याचं पोट मध्ये जरा फुगीर असतं, टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखं फिरवायचं आणि वरचा बाण थांबताना ज्याच्याकडे तोंड करेल त्याने सगळ्यांचं बिल भरायचं. तर हे पोटवालं टोकन पुठ्ठ्याच्या फ्लिपमध्ये (मध्ये पारदर्शक फिल्मची खिडकी असलेली दुमडायची घडी) नीट बसतच नाही, पिना मारल्या की फिल्म त्या फुगवट्यावर ताणून बसते आणि जिथे आधीच फिरून फिरून नक्षी झिजलीय तिथेच परत घासते. कॅप्सूलमध्ये रिंग फक्त कडेने धरते, पोट मोकळं राहतं, आणि दोन्ही बाजू हात न लावता बघता येतात. फक्त झाकण दाबण्याआधी एकदा आडवं धरून बघा, फुगवटा जास्त असेल तर टेकतो.

नालेच्या आकाराच्या टोकनांसाठी थोडी मेहनत आहे. मध्ये अमेरिकन एक सेंटचं तांब्याचं नाणं बसवलेली ॲल्युमिनियमची लकी टोकनं जमवणारे बरेच जण आहेत, १९०१ च्या अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनापासून ती खूप निघाली, त्यात गोल असतात तशी नालेचीही असतात. त्यासाठी सगळ्यात लहान भोकाची रिंग घ्यायची, त्यावर टोकनाच्या मापाचा कागद ठेवून पेन्सिलने आखायचं (टोकनच ठेवून आखू नका, पेन्सिलीचं काळं कडेला लागतं) आणि धारदार ब्लेडने कापायचं. एकदा बसलं की हलत नाही. ह्या टोकनांना कोरडी जागा मात्र हवीच हवी, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून आहेत आणि मध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम आधी खायला लागतं, सेंटच्या भोवती पांढरी पूड दिसली की समजायचं.

आता फोमबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचार इथेच करायला हवा. बॉक्सवर फोम कशाचा आहे ते लिहिलेलं नाही. पॉलिइथिलीनचा असेल तर काळजी नाही, पण काही फोममध्ये गंधक असतं आणि त्याने चांदी काळवंडते, तांब्यावर डाग येतात. ह्यावर ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी ह्यांनी १९७३ मध्ये मांडलेली टेस्ट आहे, जी वस्तू वापरायची तिचा तुकडा आणि चांदी, तांबं, शिशाचे घासलेले पत्रे थोड्या ओलीसोबत बंद नळीत ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचे आणि पत्र्यांवर काय होतंय ते बघायचं. घरी एवढं काटेकोर होत नाही, पण काचेच्या बरणीत रिंगचा तुकडा, घासून चकचकीत केलेली तांब्याची तार आणि वेगळ्या छोट्या झाकणात थोडं पाणी ठेवून बरणी उबेला ठेवली तरी खराब फोम बऱ्यापैकी कळतो. दुसरी बरणी रिंगशिवाय तशीच ठेवा म्हणजे तुलना करता येते. ह्या बॉक्सच्या रिंगने तारेवर काही केलं नाही, म्हणून वापरतोय. दुसरा लॉट आला की परत टेस्ट करणार, करायलाच पाहिजे.

तरीपण मऊ पीव्हीसीच्या पाकिटांपेक्षा ह्या कॅप्सूल हजारपट बऱ्या. त्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांनी किती चांगली टोकनं घालवलीत! प्लास्टिक मऊ ठेवायला घातलेलं रसायन बाहेर झिरपतं, पीव्हीसीतून आम्लही सुटतं, आणि पितळ-तांब्यावर हिरवट चिकट थर बसतो. थर नुकताच आला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात बुडवून ठेवलं की निघतो, चोळायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेलं आणि रंग असतात. आणि हे फक्त नुसत्या धातूच्या टोकनांना, रंग किंवा एनॅमल असेल तर लांब राहा.

आता ज्यांच्यासाठी ह्या कॅप्सूल घेऊ नयेत ते. सेल्युलॉइडचं, म्हणजे त्या जुन्या काळच्या प्लास्टिकचं, काहीही ह्यात बंद करू नका, प्लीज. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून नायट्रिकवाला वायू सुटतो, बंद डबीत तो कोंडतो आणि टोकन स्वतःच स्वतःला खातं, शेजारच्या धातूचीही वाट लागते. शिवाय ते चटकन पेट घेतं. त्याला हवा खेळती लागते, आम्लमुक्त कागदाचं पाकीट आणि बाकी संग्रहापासून वेगळी जागा. लाकडी टोकनांचंही साधारण तसंच. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या टेनिनो गावाने १९३१ मध्ये बँक बुडाल्यावर लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर पैसे छापले होते, त्यानंतर लाकडी टोकनांची लाटच आली. पण लाकडातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि शिशाला, जस्ताला ते अजिबात सोसत नाही, म्हणून लाकूड आणि शिसं एका ड्रॉवरमध्ये नको.

फायबरच्या टोकनांना कॅप्सूल चालते, पण पाणी कधीच दाखवू नका. १९४४ ची अमेरिकन रेशनची लाल-निळी टोकनं, जेमतेम १६ मिलिमीटरची, मांसासाठी लाल आणि डबाबंद मालासाठी निळी, ती कागदापासून केलेल्या फायबरची आहेत. त्यावरच्या दोन अक्षरांच्या जोड्या जमवण्यात मजा आहे खरी, पण ओल लागली की फुगतात, अक्षरांच्या कडा विरतात, ते परत येत नाही. एवढ्या लहान टोकनाला ४६ ची कॅप्सूल म्हणजे जागेची नासाडी, त्यांना मायलारचे (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचे) फ्लिप घ्या. अमेरिकेच्या मिझुरी राज्याची १९३५ ची पुठ्ठ्याची सेल्स टॅक्सची टोकनं, दुधाच्या बाटलीच्या झाकणासारखी, तीसुद्धा मायलारमध्ये छान राहतात, नुसता आधाराला आम्लमुक्त पुठ्ठा द्या.

झाकणाबद्दल एक तक्रार आहे. बसतं घट्ट, पण उघडताना नखाने होत नाही, आणि जोर लावला की टोकन उडतं. खाली मऊ कापड पसरून उघडा. हवाबंद म्हणून विकतात, पण पूर्ण हवाबंद नसतात, त्यामुळे डब्यात सिलिका जेल ठेवायचंच आणि ते रंग बदललं की वाळवायचं. चिठ्ठीला आत जागा नाही ही दुसरी अडचण. टोकन कोणी काढलं, कशाबद्दल द्यायचे, कुठून मिळालं हे लिहिलं नाही तर पुढच्या माणसाच्या हातात नुसती चकती राहते, म्हणून मी कॅप्सूलच्या खाली बसेल अशी गोल आम्लमुक्त चिठ्ठी कापतो, त्यावर पेन्सिलने लिहितो आणि दोन्ही एका चौकोनी ट्रेच्या खणात ठेवतो.

धातूच्या टोकनांसाठी पाचपैकी साडेचार. कंपनीने फोम कशाचा आहे ते छापलं आणि भोक न पाडलेल्या कोऱ्या चकत्या बॉक्समध्ये घातल्या तर उरलेला अर्धाही देतो.