डिजिटल क्षमतेवर सर्वेक्षण: तयार चौकट, डेल्फी की खुली विचारणी?

संगणक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आखण्याआधी 'डिजिटल क्षमता म्हणजे नेमकं काय' हे लोकांनाच विचारू, असं ठरलं की बहुतेक गट लगेच गूगल फॉर्म उघडतात आणि वीस पर्याय टाइप करून मोकळे होतात. मग उत्तरंही त्या विसातलीच येतात. म्हणून फॉर्मच्या आधी पद्धत ठरवायला हवी. पर्याय मुख्यतः तीन आहेत.

सगळ्यात झटपट काम तयार चौकटीचं. युरोपीय आयोगाची डिजकॉम्प ही नागरिकांच्या डिजिटल क्षमतांची चौकट पहिल्यांदा 2013 मध्ये आली. तिच्या 2022 च्या 2.2 आवृत्तीत 5 क्षेत्रं आणि 21 क्षमता आहेत: माहिती व डेटा, संवाद व सहकार्य, आशयनिर्मिती, सुरक्षितता आणि अडचणी सोडवणं. या 21 क्षमतांवर प्रश्न बेतले की दोन आठवड्यांत निकाल हातात येतो आणि इतरांच्या निकालांशी तुलनाही करता येते. पण यात मोजणी होते, विचारणी नाही. आपल्याकडे 2017 मध्ये सुरू झालेल्या पीएमजीदिशा या ग्रामीण डिजिटल साक्षरतेच्या केंद्र सरकारी योजनेच्या 20 तासांच्या अभ्यासक्रमात डिजिटल पेमेंटला ठळक जागा होती. डिजकॉम्पच्या 21 क्षमतांत पेमेंट स्वतंत्रपणे येतच नाही. चौकटीत जे नाही, ते सर्वेक्षणातूनही वर येणार नाही. शिवाय 'मला हे येतं' असं स्वतःच गुण देऊन सांगायचं असेल, तर लोक सढळ हातानं देतात.

डेल्फी म्हणजे तज्ज्ञांना टप्प्याटप्प्यानं विचारणं. अमेरिकेतल्या रँड संस्थेत 1950 च्या दशकात ही पद्धत घडली. पहिल्या फेरीत मुद्दे गोळा करायचे, दुसरीत प्रत्येक मुद्द्याला 1 ते 5 गुण मागायचे, तिसरीत गटाचा मध्यक (गुण क्रमानं लावले की मधोमध येणारा आकडा) दाखवून पुन्हा विचार करायला सांगायचं. नावं शेवटपर्यंत गुप्त, त्यामुळे मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं दडपण राहत नाही. डिजकॉम्प आकाराला येत होती त्याच काळात युरोपात 95 तज्ज्ञांची अशी डेल्फी झाली आणि त्यातून 12 क्षेत्रं निघाली. चौकटीत मात्र अखेर 5 राहिली. तज्ज्ञांचं एकमत आणि वापरायला सुटसुटीत यादी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून ध्यानात घ्यावं. डेल्फीत घात होतो तो गळतीनं. तिसऱ्या फेरीला 15 जण हवे असतील तर सुरुवात 25 जणांपासून करा. दुसरी चूक म्हणजे एकमताची रेघ निकाल पाहून ओढणं. 'सत्तर टक्के जणांनी 4 किंवा 5 दिले तर मुद्दा ठेवायचा' हे पहिल्या फेरीआधी लिहून ठेवलेलं बरं. तीन महिने हाताशी नसतील तर या वाटेला जाऊ नका.

लोकांच्या मनातला अर्थ हवा असेल तर आमचा कौल तिसऱ्या पद्धतीला, म्हणजे खुल्या विचारणीतून संकल्पना नकाशा काढण्याला. विल्यम ट्रोकिम यांनी 1989 मध्ये ती मांडली. एक अपूर्ण वाक्य द्यायचं, लोकांनी ते पूर्ण करायचं, मग त्या विधानांचे गठ्ठे लावायचे.

सगळा खेळ त्या अपूर्ण वाक्याचा. 'डिजिटल क्षमता म्हणजे काय?' असं विचारलं तर लोक परीक्षेतली व्याख्या लिहितात. 'डिजिटल क्षमता असलेल्या माणसाला ____ येतं' असं दिलं तर फक्त कौशल्यं मिळतात: एक्सेल, मेल, फोटो अपलोड. सावधपणा, सवयी, वृत्ती त्या 'येतं'मध्ये बसतच नाहीत. क्रियापद लिहिणाऱ्यावर सोडा: 'डिजिटलदृष्ट्या सक्षम असलेली व्यक्ती रोजच्या व्यवहारात…' आता 'ओटीपी कुणालाही सांगत नाही' हेही येईल आणि 'फॉरवर्ड करण्याआधी खातरजमा करते' हेही. सोबत उदाहरण देऊ नका, नाहीतर निम्मे लोक तेच थोडं फिरवून लिहितील.

फॉर्ममध्ये परिच्छेदाची एक मोठी चौकट नको, छोट्या उत्तराच्या सहा चौकटी द्या आणि फक्त पहिली अनिवार्य ठेवा. वय, काम, शिक्षण शेवटी विचारा. निकालाचा सारांश दाखवण्याचा पर्याय बंद ठेवा.

मग संपादन, आणि वेळ जातो तो इथेच. 'मेल पाठवते आणि पासवर्ड जपते' हे एक विधान नाही, दोन आहेत; तोडा. सारखी विधानं एकत्र करा, पण शब्द लोकांचेच राहू द्या. 'पासवर्ड वहीत लिहून ठेवत नाही' याचं 'सायबर सुरक्षेचं पालन करते' केलंत की माहिती गेली. शेवटी 80 च्या आसपास विधानं उरावीत. शंभरावर गेली की गठ्ठे लावणारा कंटाळतो.

गठ्ठे लावायला 15 ते 30 जण लागतात. मोबाइलवर 80 विधानं सरकवणं अशक्यप्राय, म्हणून छापील चिठ्ठ्या उत्तम: ए-फोरवर दहा, म्हणजे माणशी 8 कागद, प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात क्रमांक. दोन गोष्टींना आधीच मनाई करा: 'इतर' नावाचा गठ्ठा आणि 'महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं' अशी विभागणी. गठ्ठे अर्थावरून लागले पाहिजेत; महत्त्वाचे गुण नंतर वेगळे मागता येतात. कोणती दोन विधानं किती जणांनी एकत्र ठेवली याचा 80 गुणिले 80 चा तक्ता करायचा. 20 जण असतील तर प्रत्येक घरात 0 ते 20 मधला आकडा येतो. पुढचं बहुमितीय मापन (एकत्र ठेवलेली विधानं नकाशावर जवळजवळ मांडणं) आणि समूह-विश्लेषण (जवळच्या विधानांचे समूह पाडणं) आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. समूह किती ठेवायचे हे मात्र यंत्र सांगत नाही. सहापासून बारापर्यंत पाडून पाहा आणि सहभागी लोकांनाच नावं द्यायला सांगा. सगळं मिळून दोन महिने धरा.

दोन महिनेही नसतील तर गठ्ठे वगळा, खुली विचारणी तेवढी करा आणि आलेली विधानं डिजकॉम्पच्या 21 क्षमतांसमोर लावा. जी कुठेच बसणार नाहीत ती फेकू नका, वेगळ्या पानावर उतरवा. तुमच्या अभ्यासक्रमात काय जादा हवं ते त्याच पानावर सापडेल.